अँबॅसडरच्या ब्लॉकवर ओव्हरहेड कॅमचं हेड बसेल का? आधी जुन्या कॅमची कामं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे अँबॅसडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन सुटं पडलंय. भंगारात मारुती एस्टीमचं 16 व्हॉल्व्हचं हेड मिळतंय. एस्टीमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, माझा 73, म्हणजे फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. मध्ये 12 मिमीची प्लेट टाकून ते हेड या ब्लॉकवर बसवता येईल का? पुशरॉड, टॅपेट, जुना कॅम सगळं काढून टाकणार आहे."

शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. बाकीच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत, पण जुना कॅम काढलात तर ब्लॉक भंगारात जाईल. म्हणून आधी त्याचंच बोलू, बोअरच्या मिलिमीटरकडे नंतर येऊ.

कॅम म्हणजे लोबचा, म्हणजे फुगवट्यांचा, शाफ्ट; तो व्हॉल्व्ह उघडतो. ओव्हरहेड कॅम वर हेडमध्ये असतो. पुशरॉड इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि टॅपेट व पुशरॉडच्या दांड्यांमधून वरचे व्हॉल्व्ह ढकलतो. पण तो फक्त व्हॉल्व्ह उघडत नाही. तुमच्या ब्लॉकमध्ये त्याच शाफ्टवर मागच्या बाजूला तिरक्या दात्यांचा गिअर आहे, त्यावर ऑइल पंप फिरतो. मध्ये तसाच दुसरा गिअर आहे, तो डिस्ट्रिब्युटर फिरवतो. शिवाय कॅमच्या तिन्ही बेअरिंगना मेन गॅलरीतून (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेतून) दाबाचं तेल येतं. शाफ्ट बाहेर काढला की ती तीन भोकं उघडी पडतात आणि पंपाने चढवलेला दाब तिथून सरळ संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) वाहून जातो. एस्टीमच्या इंजिनात ऑइल पंप क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) नाकावरच बसवलेला आहे, त्यामुळे तिथे ब्लॉकमध्ये कॅम नसला तरी काही अडत नाही. तुमच्याकडे पंपाचं पोट कॅमवरच चालतं.

हे पुस्तकातून नाही, हात पोळून शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या चार सिलिंडरच्या पुशरॉड ब्लॉकवर मी हाच उद्योग केला होता. कॅम काढला, ऑइल पंप बाहेर बेल्टवर घेतला आणि कॅम बेअरिंगची भोकं टॅप मारून बंद केली. तीनपैकी दोनच. तिसरं मागच्या वेल्च प्लगच्या (भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकतीच्या) आड होतं. ते दिसलं नाही, आणि गॅलरीचा नकाशा काढायचा कंटाळा केला होता. थंड इंजिनवर गेज 50 पीएसआय दाखवत होतं, म्हणून आम्ही पेढेसुद्धा आणले. तेल तापलं तसा आयडलला काटा दहाच्या खाली आला. चाळीसेक किलोमीटरवर तीन नंबरचा बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) ठोकायला लागला. क्रँक काढला तेव्हा जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) नखाला लागतील अशा चरा होत्या. दोष सगळा माझाच.

आता ज्यांनी हे काम खरोखर तडीस नेलं त्यांनी काय केलं ते बघा. लोटसने 1962 मध्ये फोर्डच्या केंट घराण्यातल्या पुशरॉड ब्लॉकवर दोन कॅमचं ॲल्युमिनियम हेड बसवलं, रचना हॅरी मंडी यांची. त्या इंजिनात जुना कॅम जागेवरच राहिला. व्हॉल्व्हचं काम सुटलं, पण ऑइल पंप, डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप तोच फिरवत राहिला. कॉसवर्थ या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने 1969 मध्ये बीडीए हे इंजिन काढलं, तेही फोर्डच्याच पुशरॉड ब्लॉकवर: 16 व्हॉल्व्ह आणि दातेरी बेल्ट. तिथेही कॅमच्या जागेत शाफ्ट आहे, पंप आणि डिस्ट्रिब्युटर त्यावर. फियाट 124 च्या पुशरॉड इंजिनावरून ऑरेलिओ लांप्रेदी यांनी 1438 सीसीचं ट्विन कॅम केलं, त्यातही बेल्ट वाटेत एका आडशाफ्टला वळसा घालून जातो आणि तो शाफ्ट ऑइल पंप चालवतो. अमेरिकेत फोर्डने 427 घन इंचाच्या व्ही-8 वर 1964 मध्ये घाईघाईने ओव्हरहेड कॅमची हेडं चढवली. त्यांनीसुद्धा कॅमच्या बोगद्यात एक आखूड शाफ्ट ठेवलाच. हौशी मंडळी मिनीच्या 1275 सीसी ए-सिरीज ब्लॉकवर बीएमडब्ल्यू के-1100 मोटरसायकलचं 16 व्हॉल्व्हचं हेड बसवतात. तिथे तर पर्यायच नाही, कारण ए-सिरीजचा ऑइल पंप कॅमच्या मागच्या टोकालाच जोडलेला असतो.

इतक्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या देशांत, एकच गोष्ट केली. कॅमला निवृत्त करायचं नाही, फक्त त्याचं खातं बदलायचं. अशा शाफ्टला आपण जॅकशाफ्ट म्हणतो.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण घरातलंच आहे. अँबॅसडरचं इंजिन म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीची बी-सिरीज. याच बी-सिरीजवर कंपनीने स्वतः दोन कॅमचं हेड बसवलं होतं, 1958 ते 1960 च्या एमजीए ट्विन कॅम या स्पोर्ट्स कारमध्ये. 1588 सीसी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तुमच्याइतकाच 88.9 मिमी, बोअर थोडा मोठा. साध्या एमजीएचं त्याच मापाचं पुशरॉड इंजिन 80 अश्वशक्तीच्या आसपास द्यायचं, ट्विन कॅमने 108 दिली, 6700 आरपीएमला. जुन्या कॅमच्या जागी अर्ध्या वेगाने फिरणारा शाफ्ट होता आणि तिथून वरच्या दोन कॅमना चेन. एकूण 2111 गाड्या निघाल्या आणि मॉडेल बंद झालं, कारण पिस्टन जळत होते. सुरुवातीचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 9.9 होतं, ते नंतर 8.3 वर आणलं. पुढे पुष्कळ वर्षांनी जाणकारांनी आणखी एक कारण पुढे आणलं: ठरावीक आरपीएमला कार्ब्युरेटर इतके थरथरायचे की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल फेसाळायचं आणि मिश्रण पातळ पडायचं. पातळ मिश्रण आणि चढं कॉम्प्रेशन, मग पिस्टनला भोक पडणारच. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या हेडचा हिशोब करताना पुन्हा लागेल.

आता तुमचा एक मिलिमीटर. बोअर जुळला म्हणजे हेड जुळलं असं नसतं. बघायची असते ती पिच, म्हणजे एका सिलिंडरच्या मध्यापासून शेजारच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर. एस्टीमचं इंजिन आडवं बसणारं, आखूड, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं. तुमचा बिडाचा ब्लॉक लांबलचक. हेड नुसतं ब्लॉकवर ठेवून बघा, टोकाचे चेंबर (हेडमधले जळणाचे खळगे) कुठे येतात ते डोळ्यांनीच दिसेल. पिचमध्ये दर सिलिंडरमागे 4 मिमीचा फरक धरा. हेड मध्यावर ठेवलं तर आतल्या दोन सिलिंडरवर चेंबर 2 मिमी सरकतो आणि टोकाच्या दोघांवर 6 मिमी. इतका सरकलेला चेंबर म्हणजे व्हॉल्व्ह बोअरच्या कडेला घासणार आणि गॅस्केटची फायर रिंग (बोअरभोवतीची धातूची कड) हवेत लोंबणार. ती लाल होते, मग वेळेआधी स्फोट. टोकाला अर्धा-पाऊण मिमी असेल तर मी सांभाळून घेतो. त्यापुढे हात लावत नाही.

शिवाय तुमच्या इंजिनाला मेन बेअरिंग (क्रँक ज्यांत फिरतो ती) तीनच आहेत. अशा ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या मधली अंतरं एकसारखी असतीलच असं गृहीत धरू नका. एक-दोन, दोन-तीन, तीन-चार, तिन्ही वेगवेगळी मोजा. व्हर्नियरने एका बोअरच्या डाव्या भिंतीपासून पुढच्या बोअरच्या डाव्या भिंतीपर्यंत, आणि तेच उजव्या भिंतींचं. दोन्हींची सरासरी काढा, म्हणजे बोअरच्या झिजेचा फरक निघून जातो.

मिनीवाल्यांचं नशीब पाहा. के-1100 चा बोअर 70.5 मिमी, 1275 चा 70.6, आणि पिचही जवळपास जुळणारी. एका मोटरसायकलच्या आणि एका जुन्या ब्रिटिश गाडीच्या इंजिनात हा योग कसा आला देव जाणे. म्हणूनच तो उद्योग इतका फोफावला. नाहीतर चेन काढून बेल्टचा ड्राइव्ह नव्याने करायचा, पिस्टन नवे करायचे, एवढी उस्तवार कोणी केली असती?

"पण प्लेट टाकली की सगळं जुळतं ना?" असं पुष्कळांना वाटतं. प्लेटने बोल्टची भोकं जुळतात आणि पाण्याच्या वाटा वळवता येतात. पिच जुळत नाही. आणि प्लेट कॉम्प्रेशन खाते, हे कोणी सांगत नाही. आकडे मांडतो. तुमचा बोअर 73.025, स्ट्रोक 88.9, म्हणजे एका सिलिंडरचं व्हॉल्यूम 372.3 सीसी. एस्टीमचा बोअर 74, स्ट्रोक 75.5, म्हणून 324.7 सीसी. त्या हेडचं मूळ कॉम्प्रेशन 9 धरलं तर पिस्टनच्या वर उरणारी जागा 40.6 सीसी. तीच जागा तुमच्या सिलिंडरवर आली तर कॉम्प्रेशन होतं 10.2. म्हणजे एमजीएचा 9.9 वाला खड्डा, थोडा जास्तच खोल. आता याच जोडणीत तुमची 12 मिमीची प्लेट घाला. 73 मिमीच्या भोकात 12 मिमी उंचीची पोकळी म्हणजे 50 सीसी वाढली. वर उरली 91 सीसी आणि कॉम्प्रेशन आलं 5.1 वर. एवढ्यावर पूर्वी रॉकेलवरची शेतीची इंजिनं चालायची.

मग कोणी म्हणतं, प्लेट पातळ करा. पातळ केली तर हेडच्या स्टडला आटे धरायला जाडी उरत नाही. 10 मिमीचा स्टड पोलादात किमान 10 मिमी खोल आटे मागतो, ॲल्युमिनियममध्ये पंधरा-वीस. ही कात्री आहे, आणि तिच्यातून सुटायचे मार्ग महागडे आहेत: लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) प्लेटच्या वरपर्यंत आणायचे आणि पिनच्या वर जास्त उंचीचे पिस्टन करून घ्यायचे, किंवा लांब कनेक्टिंग रॉड शोधायचे. मी एकदा उंच पिस्टनचा मार्ग घेतला होता. पिस्टन इतके जड झाले की साडेचार हजारावर डॅशबोर्डवरच्या गणपतीने जागा सोडली.

माझं मत असं, की प्लेट हा शेवटचा उपाय. त्याआधी ब्लॉकची जुनी स्टडची भोकं बंद करून नव्या जागी भोकं पाडता येतात का ते बघा. बिडाला वेल्डिंग करायला जाऊ नका, भोकाशेजारी केसाएवढी चीर जाते आणि ती पाणी भरल्यावरच कळते. आटे पाडलेला बिडाचाच प्लग, लॉकिंग लिक्विड लावून घट्ट बसवायचा आणि मग सगळा डेक (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) एकदम फेस करायचा. नवं भोक जुन्या प्लगला अर्धवट कापत असेल तर तो स्टड ताण धरणार नाही, तिथे पोलादी इन्सर्ट. नव्या भोकाखाली वॉटर जॅकेट आहे की भरीव धातू, हे वरून कळत नाही. एखादा फुटका ब्लॉक भंगारात मिळाला तर विकत घ्या आणि करवतीने आडवा कापा. अँबॅसडरचे फुटके ब्लॉक अजून मिळतात. मी कापलेले दोन ठेवलेत, गिऱ्हाइकाला समजावताना दहा मिनिटांचं बोलणं वाचतं.

पुशरॉडची आठ भोकं डेकवर तशीच राहतील. नवं हेड ती झाकतंय की नाही, गॅस्केटची कड त्यांच्यावरून जातेय का, ते बघा. जी अडचणीत येतात ती बंद करा. जी हेडच्या तेलाच्या खोलीखाली येतात ती मात्र सोन्यासारखी राखा, कारण आता तेल परत आणायचा प्रश्न येतो, आणि अर्धी कामं इथेच फसतात.

रॉकरवाल्या हेडला कॅमच्या एका बेअरिंगमधून मोजकंच तेल वर जातं. रॉकर शाफ्ट ओला राहिला की पुरे, आणि ते तेल पुशरॉडच्या भोकांमधून टॅपेटवर टपकत खाली येतं. ओव्हरहेड कॅमचं तसं नाही. कॅमच्या प्रत्येक जर्नलला दाबाचं तेल लागतं, लोबवर तेल लागतं. म्हणून मेन गॅलरीतून वेगळी लाइन वर न्यायची. ऑइल प्रेशर गेजची टॅपिंग ही सोयीची जागा. हेडमध्ये शिरण्याआधी दीड मिलिमीटरच्या आसपास भोकाचा जेट (तेल मोजकंच सोडणारा अडसर) बसवायचा. जेट नसला तर पंपाचं अर्धं तेल हेडमध्ये जमा होतं आणि खाली मेन बेअरिंग उपाशी. चढवलेलं तेल परत आलं नाही तर ते ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह गाइडमधून सिलिंडरमध्ये जातं. गाडी निळा धूर सोडते आणि लोक बिचाऱ्या पिस्टन रिंगना शिव्या घालतात.

तुमच्या ब्लॉकला देवाने एक सोय करून ठेवलीय. डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, टॅपेटची दोन पत्र्याची कव्हरं आहेत. टॅपेट गेले की ती खोली रिकामी. प्रत्येक कव्हरला 16 मिमीचा पाइप ब्रेझ करून घ्या आणि हेडच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून तेलाचा होज तिथे उतरवा. ओव्हरहेड कॅमचं हेड थोडं कललेलं बसलं तर तेल एकाच बाजूला साठतं, म्हणून इंजिन गाडीत ज्या कोनात बसणार त्याच कोनात स्टँडवर ठेवून तपासा. वरून एक लिटर तेल ओता, संपचा प्लग काढून खाली बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटभरात बहुतेक तेल खाली यायला हवं. थेंबथेंब ठिबकत राहिलं तर ड्रेन वाढवा. हे काम टेबलावर होतं, रस्त्यावर होत नाही.

एक इशारा व्ही-8 किंवा हायड्रॉलिक टॅपेटचे ब्लॉक घेणाऱ्यांना. तिथे टॅपेटच्या भोकांमधूनच तेलाची गॅलरी जाते. टॅपेट काढले की सोळा नळ उघडले समजा. भोकांना स्लीव्ह ठोकावे लागतात किंवा गॅलरी सुरुवातीलाच बंद करावी लागते. तुमच्या ब्लॉकमध्ये टॅपेट साधे, उडत्या तेलावर चालणारे, त्यामुळे ही पीडा नाही.

आता कॅमचा जॅकशाफ्ट करायचा कसा. लोब तासून गोल करा, म्हणजे वजन घटतं आणि तेल उगाच घुसळलं जात नाही. जुन्या बिडाच्या कॅमचे लोब ओतताना थंड करून कडक केलेले असतात. लेथवर नेलात तर टूलचं टोक जाईल आणि लेथवाला तुम्हाला दारातून परत पाठवेल. ते ग्राइंडरचं काम आहे. जर्नल आणि दोन्ही तिरके गिअर यांना हात लावायचा नाही. पुढची थ्रस्ट प्लेट जशीच्या तशी ठेवा, कारण तिरके गिअर शाफ्टला मागे-पुढे ढकलत असतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा भार गेला म्हणून थ्रस्ट संपत नाही. शाफ्टवर काही एक्सेंट्रिक (मध्य सरकलेली चकती) शिल्लक ठेवला असेल तर तो क्रँकबरोबर हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बघा. फियाटच्या लांब स्ट्रोकच्या ट्विन कॅममध्ये हा आडशाफ्ट चुकीच्या दात्यावर लावला तर पेट्रोल पंपाचा एक्सेंट्रिक कनेक्टिंग रॉडला थडकतो. नुसता फिरणारा शाफ्ट आहे, त्याचं टायमिंग कशाला बघायचं, असं म्हणणाऱ्यांना तो धडा बसतो.

जॅकशाफ्ट ठेवल्याचा दुसरा फायदा असा, की तो आधीच क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतोय. जुनी टायमिंग चेन खाली तशीच राहू द्या. जॅकशाफ्टचं नाक कव्हरमधून बाहेर काढा, ऑइल सील लावा आणि त्याच्यावर बेल्टची पुली चढवा. इथून वरच्या कॅमला एकास एक प्रमाण पुरतं, म्हणजे वर डबल दातांची मोठी पुली लागत नाही आणि बॉनेट बंद होतं. सरळ क्रँकवरून गेलात तर 22 ला 44 अशी जोडी लागेल आणि ती 44 ची परात बॉनेटला भिडेल. तोटा एवढाच, की वरच्या कॅमचं टायमिंग आता चेन आणि बेल्ट दोघांच्या ढिलाईवर अवलंबून राहतं. म्हणून खालची चेन नवी आणि टेन्शनर चांगला हवा.

चेन की बेल्ट, यावर मी बेल्टच्या बाजूचा. हौशी कामात चेनला तेलबंद कव्हर, गाइड, टेन्शनर हे सगळं नव्याने घडवावं लागतं. लोटसने ते केलं आणि वॉटर पंप त्या पुढच्या कव्हरमध्येच गुंफला. तेव्हापासून पंपाचं सील गेलं की मालक कपाळाला हात लावतो, कारण पंप बदलायला पुढचा सगळा भाग उघडावा लागतो. चांगल्या इंजिनातला एक वाईट निर्णय साठ वर्षं शिव्या खातोय. फोर्डच्या त्या व्ही-8 ची चेन जवळपास दोन मीटर लांब होती. तापली, ताणली की दोन बाजूंच्या कॅमचं टायमिंग एकमेकांपासून सरकायचं, म्हणून रेसवाले दोन्ही बाजू मुद्दाम वेगवेगळ्या अंशांवर लावायचे. आणखी गंमत म्हणजे एकाच चेनवर दोन्ही कॅम एकाच दिशेला फिरतात, त्यामुळे डाव्या आणि उजव्या हेडचे लोब वेगवेगळे घासावे लागले. एवढं करून नॅसकार या अमेरिकी रेसिंग संघटनेने ते इंजिन नाकारलं आणि ते ड्रॅग रेसमध्ये गेलं. तुमच्या चार सिलिंडरला एवढं महाभारत नाही. छोट्या पुलीवर किमान सहा दाते बेल्टमध्ये अडकलेले हवेत, टेन्शनर सैल बाजूला हवा, आणि बेल्टवर तेलाचा थेंब पडता कामा नये.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर ही गोष्ट मी गिऱ्हाइकासमोरच तपासतो. तुमचे पिस्टन त्या चार व्हॉल्व्हसाठी केलेले नाहीत, त्यांच्या डोक्यावर खाचा नाहीत. मुलांच्या खेळण्यातली माती पिस्टनवर थापा, थोडं तेल लावा म्हणजे व्हॉल्व्हला चिकटणार नाही, हेड बसवून गॅस्केटसकट आवळा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. स्टार्टर लावायचा नाही. हेड काढा, ब्लेडने माती कापा आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजा. इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी याखाली मी जात नाही. एकदा एका इनटेकखाली माती 0.6 भरली. वही काढली तर कॅम पुली एक दाता पुढे लागलेली होती. हीच गोष्ट स्टार्टरने कळली असती तर सोळा व्हॉल्व्हचं बिल आलं असतं.

स्पार्कचा ॲडव्हान्सही (ठिणगी किती अंश आधी पडते ते) बदलेल. मध्यभागी प्लग असलेल्या चार व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये आग लवकर पसरते. जुना डिस्ट्रिब्युटर तसाच लावलात तर वरच्या आरपीएमला ॲडव्हान्स जास्त होतो. दोन-चार अंश कमी करून सुरू करा आणि प्लगचं टोक वाचत वाचत पुढे जा. एमजीएच्या जळक्या पिस्टनची आठवण इथे ठेवा. कार्ब्युरेटर हेडला कडक बोल्ट करू नका, मध्ये लवचीक रबरी माउंटिंग घाला.

एवढं झाल्यावर इंजिन वर फिरायला उतावीळ होतं आणि खालचा माणूस म्हातारा असतो. 88.9 मिमीच्या स्ट्रोकवर 6000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.8 मीटर होतो, 6700 ला जवळजवळ 20. तीन मेन बेअरिंगचा क्रँक तिथे मधोमध वाकायला बघतो. मी तुमच्या इंजिनाला साडेपाच हजारावर लाल रेघ मारीन. कॉसवर्थवाल्यांनाही हे भोगावं लागलं. हेड इतकं चांगलं निघालं की बिडाचा ब्लॉक त्याला पुरेना, मग ब्रायन हार्ट यांनी ॲल्युमिनियमचा ब्लॉक ओतला तेव्हा 90 मिमीचा बोअर आणि जवळपास दोन लिटर मिळाले.

म्हणून खर्चाआधी स्वतःला विचारा, तुम्हाला ओव्हरहेड कॅमच हवाय की चांगलं श्वास घेणारं हेड? तुमच्या मूळ हेडला पोर्ट पाचच आहेत. चार सिलिंडरना इनटेक दोन आणि एक्झॉस्ट तीन, सगळे एकाच बाजूला. शेजारचे दोन सिलिंडर एकाच नळीतून ओढतात आणि एकमेकांचं मिश्रण पळवतात. ओव्हरहेड कॅममुळे मिळणाऱ्या फायद्यातला मोठा वाटा कॅम वर गेल्याचा नसतोच. पुशरॉड वाटेतून गेल्यामुळे प्रत्येक सिलिंडरला सरळ, स्वतंत्र पोर्ट मिळतो, त्याचा असतो. एमजीएच्या पुशरॉड इंजिनासाठीही त्या काळी एचआरजी-डेरिंग्टनचं क्रॉसफ्लो ॲल्युमिनियम हेड मिळायचं, पुशरॉड ठेवून. तसलं काही आज आपल्याकडे नमुना बनवून एलएम 25 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओतून घेणं, हेडवरचा निम्मा गोंधळ वाचवणारं आहे. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात पॅटर्न करणाऱ्याला चांगला कोअर बनवता येतो. फक्त पहिले दोन नग फुकट जाणार हे धरूनच पैसे मोजा.

रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून घ्या आणि आरटीओत आधी विचारा. इंजिन नंबर ब्लॉकवर आहे म्हणून सगळं चालतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पासिंगला ते तुमच्याबरोबर येत नाहीत.

तर येत्या रविवारी एवढंच करा. डावीकडची दोन्ही टॅपेट कव्हरं काढा, आत टॉर्च मारा, क्रँक हाताने फिरवा आणि कॅम फिरताना डिस्ट्रिब्युटरचा रोटर कसा फिरतो ते पाहा. मग हेड काढून बोअरची तिन्ही अंतरं मोजा, दोन्ही भिंतींकडून, आणि एस्टीमच्या हेडवरच्या चेंबरचीही तशीच. सहा आकडे कागदावर मांडले की एस्टीमचं हेड कुठे राहतंय ते तुम्हालाच दिसेल. तोवर ते हेड भंगारवाल्याला अडवून ठेवायला सांगा, पण ॲडव्हान्स देऊ नका.